संगणकाचा गाभा : त्याचें प्रकाशन व जतन

आपल्या रायगड किनाऱ्यावर नारळ कसा सोलावा हें कोणास शिकवावें लागत नाहीं. वरचें सोडण काढलें कीं करवंटी लागते, आणि करवंटी फोडली कीं आंत खोबरें सांपडतें. संगणकाच्या कार्यप्रणालीची रचना थोडीबहुत अशीच आहे. तिच्या ज्या भागाशीं आपण अक्षरें टंकून बोलतों त्यास 'शेल' म्हणजे करवंटी असें नांव आहे. आणि ज्या आंतल्या भागावर सर्व कारभार चालतो त्यास 'कर्नेल' म्हणजे गर अथवा गाभा असें म्हणतात. सैन्यांतील कर्नलसाहेबांशीं या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं. वर्गांत ही शंका निघाली होती म्हणून आरंभींच खुलासा केला. हा गाभा कोण तयार करतें, तो लोकांच्या हातीं कसा दिला जातो, आणि दिल्यावर त्याच्या जुन्या प्रती कां व कशा जपून ठेवाव्या, हा या पाठाचा विषय आहे. विषय कांहींसा रुक्ष वाटेल. परंतु त्याची हयगय केल्यानें काय घडतें हें आम्हीं यंदां आमच्या संगणक-कक्षांत अनुभविलें आहे, व तें पुढें सांगणार आहों.

प्रथम कर्नेलचें काम काय तें पाहूं. मांडवा किंवा रेवस येथें बोटी लागतात, तेव्हां कोणत्या बोटीनें केव्हां धक्क्यास यावें हें उतारूंनीं ठरवूं म्हटलें तर गोंधळ होईल. तें काम बंदरावरील अधिकाऱ्याचें असतें. त्याचप्रमाणें एका यंत्रांत एकाच वेळीं अनेक कार्यक्रम चालतात. प्रत्येकास मेमरीचा कांहीं भाग, प्रोसेसरचा कांहीं वेळ, आणि डिस्क, पडदा, कळफलक यांचा उपयोग हवा असतो. ही सर्व वांटणी कर्नेल करितो. तो चुकला तर एखादेंच काम अडतें असें नाहीं. सबंध यंत्र अडतें.

आज अत्यंत प्रचारांत असलेल्या कर्नेलचें नांव लिनक्स. लायनस टॉरव्हाल्ड्स हे हेलसिंकी विद्यापीठांत शिकत होते व अवघे एकवीस वर्षांचे होते, तेव्हां १९९१ सालीं त्यांनीं तो लिहावयास घेतला. २५ ऑगस्ट रोजीं त्यांनीं आपला बेत जाहीर केला, आणि सप्टेंबरांत ०.०१ हा अंक घालून पहिली प्रत इतरांस खुली केली. तींत सुमारें दहा हजार ओळी होत्या. १९९२ सालीं त्यांनीं आपलें काम 'जीपीएल' नांवाच्या परवान्याखालीं आणिलें. त्यायोगें कोणासही तें वाचण्याची, बदलण्याची व दुसऱ्यास देण्याची मुभा मिळाली. मार्च १९९४ मध्यें १.० ही आवृत्ति निघाली, तेव्हां ओळी पावणेदोन लाखांवर गेल्या होत्या. आतां त्या साडेतीन कोटींहून अधिक आहेत, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीस दीड हजाराहून अधिक लोकांचे हात लागलेले असतात. त्यांत मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते आहेत, तसेच रात्रीं घरीं बसून हौसेनें काम करणारेही आहेत. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या हातांतील अँड्रॉइड फोनमध्यें हाच गाभा असतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील पांचशें वेगवान महासंगणकांच्या यादींतील प्रत्येक यंत्र त्याच्यावरच चालत आलें आहे. पुण्यास मुख्य कार्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं भारतीय भाषांसाठीं 'बॉस' नांवाची कार्यप्रणाली काढली, तीही याच गाभ्यावर उभारलेली आहे.

इतक्या हातांनीं होणारें काम अव्यवस्थित होत नाहीं, याचें कारण त्याच्या प्रकाशनाची शिस्त होय. नवी आवृत्ति सुमारें नऊ-दहा आठवड्यांनीं निघते. पहिले दोन आठवडे नवे भाग स्वीकारले जातात. मग दार बंद होतें. पुढें दर आठवड्यास एक 'उमेदवार' प्रत काढितात, आणि तींत नवें कांहीं न घालतां दोष तेवढे दुरुस्त करितात. अशा सात-आठ प्रती झाल्यावर टॉरव्हाल्ड्स पक्की आवृत्ति जाहीर करितात. एकदां पक्की झालेली आवृत्ति पुन्हां बदलत नाहीं. तींत दोष सांपडला तर त्याच अंकाखालीं तो गुपचूप दुरुस्त करीत नाहींत. पुढचा अंक घालून नवी प्रत काढितात. म्हणून ६.१२ च्या मागून ६.१२.१, ६.१२.२ अशी मालिका लागते. कांहीं निवडक आवृत्त्यांची निगा याप्रमाणें वर्षानुवर्षें राखली जाते. त्यांस दीर्घकालीन आवृत्त्या म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्यें निघालेली ६.१२ ही त्यांपैकींच एक आहे.

ही झाली मूळ लेखाची, म्हणजे 'सोर्स'ची गोष्ट. सोर्स मनुष्यास वाचतां येतो, परंतु यंत्रास तो जसाच्या तसा उपयोगी पडत नाहीं. भात कांडून तांदूळ करावा, तसें त्यास यंत्राच्या उपयोगाचें रूप द्यावें लागतें. यास 'कंपाइल' करणें म्हणतात. तयार झालेला माल एका पुडक्यांत बांधून देतात. तें पॅकेज होय. कर्नेलच्या पॅकेजांत मुख्य गाभा असतो. निरनिराळ्या उपकरणांशीं बोलणारे 'मॉड्यूल' नांवाचे सुटे भाग असतात. आणि बांधणीच्या वेळीं कोणते भाग घेतले व कोणते वगळले याची 'कॉन्फिग' नांवाची यादी असते. या सर्व वस्तूंच्या नांवांत आवृत्तीचा अंक गोंवलेला असतो. त्यामुळें एकाच यंत्रांत जुना व नवा असे दोन कर्नेल शेजारीं शेजारीं सुखानें नांदतात. नवा चालला नाहीं, तर यंत्र सुरू करतांना दिसणाऱ्या यादींतून जुना निवडावा, कीं काम चालू.

आतां आमची हकीकत. आमच्या संगणक-कक्षांतील निम्मीं यंत्रें देणगीदाखल आलेलीं, बरींच जुनीं, म्हणजे बत्तीस बिटांचीं आहेत. डेबियन या सुप्रसिद्ध स्वयंसेवक-संघानें ऑगस्ट २०२५ मध्यें आपली तेरावी आवृत्ति काढली, तेव्हांपासून असल्या यंत्रांसाठीं कर्नेलचें पॅकेज देणें बंद केलें. यंत्रें तर चालत होतीं. तीं भंगारांत घालावीं असें कोणाच्याच मनांत येईना. सबब नववी-दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं ६.१२ चा सोर्स आणून आपल्या यंत्रांपुरता कर्नेल स्वतः बांधला. तो चालला! त्या आनंदाच्या भरांत आम्हीं तें पॅकेज पेनड्राइव्हवर घालून शेजारच्या एका शाळेसही दिलें.

चार दिवसांनीं कळलें कीं, त्यांत एका जातीच्या नेटवर्क-कार्डाचा मॉड्यूल राहून गेला आहे. मुलांनीं तो घातला, आणि डिस्कवरील जागा वांचावी म्हणून अनावश्यक वाटणारे दोनतीन भाग गाळले. पॅकेज पुन्हां बांधलें, आणि जुन्याच नांवानें व जुन्याच अंकानें जुन्या फाइलीवर लिहिलें. चूक झाली ती येथेंच. हें दुसरें पॅकेज आम्हीं आमच्या यंत्रांवर चढविलें व आणखी एका शाळेस दिलें. दुसऱ्याच दिवशीं त्या शाळेंतून निरोप आला कीं, यंत्रें सुरूच होत नाहींत. पहिल्या शाळेंतून निरोप आला कीं, यंत्रें सुरू होतात, पण नेटवर्क दिसत नाहीं. आमच्याजवळ पाहावें तों एकाच नांवाची एकच फाइल! कोणास काय दिलें हें सांगतां येईना. अंक एकच असल्यामुळें नव्या कर्नेलनें आमच्या यंत्रांतील जुन्याची जागा घेतली होती, आणि त्याच्याही आधींचे कर्नेल आम्हीं जागेच्या लोभानें काढून टाकिले होते. त्यामुळें आमचींही तीन यंत्रें अडलीं. सहामाहीच्या प्रात्यक्षिकास दोन दिवस उरले होते, आणि मुलांचें सत्रभराचें काम त्या डिस्कांत कोंडलेलें होतें.

तारलें तें एका वहीनें. नववींतील एका मुलीनें दोन्ही बांधणींच्या वेळीं काय घातलें व काय गाळलें तें तारखेनिशीं लिहून ठेविलें होतें. त्यावरून समजलें कीं, गाळलेल्या भागांत कांहीं यंत्रांची डिस्क वाचणारा भागही गेला आहे. कर्नेल जागा होई, पण त्यास डिस्क दिसत नसे. पहिल्या शाळेंतील एका यंत्रावरून जुनी कॉन्फिग यादी आणिली, ती वहीशीं ताडून पाहिली, रात्रीं बसून तिसऱ्यांदा बांधणी केली, आणि प्रात्यक्षिक ठरल्या दिवशीं पार पडलें. यांत दोष मुलांचा नव्हे. पद्धत घालून न देतां उत्साहास मोकळें सोडणाऱ्या आम्हां वडील मंडळींचा तो दोष होता.

या प्रसंगावरून जे नियम आम्हीं घेतले ते क्रमानें सांगतों.

पहिला नियम असा कीं, एक नांव व एक अंक हीं एकाच वस्तूचीं असावीं. एका अक्षराचाही फरक केला तर पुढचा अंक घालावा. कर्नेलच्या सोर्समध्यें मूळ अंकापुढें आपला स्वतःचा प्रत्यय जोडण्याची सोय मुद्दाम केलेली आहे. ती वापरली असती तर आमच्या यंत्रांत जुना व नवा दोन्ही राहिले असते. ज्यास पॅकेज दिलें तो त्यावरील अंकावर विश्वास टाकितो. अंक तोच ठेवून आंतील माल बदलणें म्हणजे, हेतु कितीही चांगला असला तरी, त्याची फसवणूकच होय.

दुसरा नियम असा कीं, पॅकेजाबरोबर त्याचें बीजही ठेवावें. तो कोणत्या सोर्सपासून बांधला, त्यांत कोणते फेरफार केले, कॉन्फिग यादी काय होती, कोणत्या कंपाइलरनें व कोणत्या आज्ञांनीं बांधला, हें सर्व सोबत असावें. हा केवळ सुज्ञपणा नव्हे, तर परवान्याची अटच आहे. ज्या परवान्याखालीं लिनक्स दिला जातो तो म्हणतो कीं, तयार पॅकेज देणाऱ्यानें त्याचा सोर्स व बांधणीच्या आज्ञा सोबत द्याव्या, अथवा मागेल त्यास त्या पुरविण्याचें निदान तीन वर्षांचें लेखी वचन द्यावें. आम्हीं शेजाऱ्यांस नुसतें पॅकेज दिलें तेव्हां ही अट नकळत मोडली होती. दिलेल्या वस्तूचें बीज जर आपणच पुसून टाकलें, तर वचन कशाच्या बळावर द्यावयाचें? म्हणून प्रकाशनाचा अधिकार आणि जतनाचें कर्तव्य हीं एकत्रच येतात.

तिसरा नियम मोहोरेचा. मराठेशाहींतील पत्रांच्या शेवटीं 'मोर्तब' करीत, म्हणजे समाप्तीची मोहोर उठवीत, कीं तिच्या खालीं कोणास कांहीं घुसडतां येऊं नये. कर्नेलच्या प्रकाशनांतही हीच युक्ति आहे. प्रत्येक फाइलीवरून गणितानें चौसष्ट अक्षरांची एक खूण काढतां येते. फाइलींतील एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती खूण साफ बदलते. त्याशिवाय प्रकाशक आपल्या गुप्त किल्लीनें फाइलीवर सही करितो, आणि ती त्याचीच आहे हें कोणासही पडताळून पाहतां येतें. याची किंमत ऑगस्ट २०११ मध्यें सर्वांस कळली. लिनक्सचा सोर्स जेथें ठेविलेला असतो त्या यंत्रांत कोणी चोरवाटेनें शिरला, आणि तो सर्व कारभार कित्येक आठवडे बंद ठेवावा लागला. तथापि मूळ लेख भ्रष्ट होण्याचें भय फारसें नव्हतें. टॉरव्हाल्ड्स यांनींच २००५ सालीं लिहिलेल्या 'गिट' या साधनांत प्रत्येक फेरफाराची खूण मागच्या खुणेवर अवलंबून असते, आणि अशा प्रती हजारों लोकांच्या घरीं होत्या. मधली एक ओळ बदलली असती तरी पुढच्या सर्व खुणा चुकल्या असत्या.

मात्र मोहोर आहे म्हणून डोळे मिटून चालत नाहीं. कर्नेलचा सोर्स 'एक्सझेड' नांवाच्या साधनानें दाबून लहान केलेल्या रूपांत मिळतो. मार्च २०२४ मध्यें असें उघडकीस आलें कीं, त्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत, ज्यावर सर्वांनीं विश्वास टाकिला होता अशा एका संपादकाकडूनच, कपटाचा मजकूर घातला गेला आहे. त्यास चालना देणारा तुकडा केवळ प्रकाशित पुडक्यांत होता. सर्वांस दिसणाऱ्या मूळ लेखांत नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या यंत्रांत शिरतांना नेहमींपेक्षां अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्यांनीं त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरविला, आणि मोठा अनर्थ टळला. सोर्स व पॅकेज एकमेकांशीं ताडून पाहण्यासारखीं ठेवावीं तीं याकरितांच. त्याच सोर्सपासून दुसऱ्यानें बांधणी केली तरी अक्षरशः तेंच पॅकेज निघावें, यासाठीं डेबियनमधील मंडळी २०१३ पासून झटत आहेत.

चौथा नियम असा कीं, जतन एकाच ठिकाणीं करूं नये. एक प्रत वाळवीची, दोन प्रती दैवाची, तीन प्रती आपली, असें आम्ही मुलांस सांगतों. आपल्या दमट हवेंत व पावसाळ्यांतील विजेच्या लपंडावांत डिस्क केव्हां दगा देईल याचा नेम नसतो. डेबियनच्या संग्रहांत २००५ पासूनचीं पॅकेजें दिवसवार लावून ठेविलेलीं आहेत; अमुक दिवशीं काय मिळत होतें तें आजही पाहतां येतें. जगांतील सर्व खुला सोर्स एकत्र जपावा या हेतूनें फ्रान्समध्यें २०१६ सालीं 'सॉफ्टवेअर हेरिटेज' नांवाचा संग्रह सुरू झाला आहे.

येथें एका पालकांनीं आम्हांस विचारलेला प्रश्न सांगितला पाहिजे. ते म्हणाले, "नवें चांगलें निघाल्यावर जुनें कशास ठेवावयाचें? त्यांत दोष आहेत म्हणून तर नवें काढलें ना?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर दूर न जातां अलिबागेसच मिळतें.

मुंबईस कुलाबा येथील वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या नोंदी होत असत. पुढें मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें. विजेच्या प्रवाहानें नोंदी बिघडतील हें जाणून वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनीं नवी जागा शोधली, आणि १९०४ सालीं अलिबागेस चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तेव्हां मूस यांनीं काय केलें? नवी सुरू होतांच जुनी बंद केली नाहीं. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, कीं दोहोंतील फरक कळावा व जुनी मालिका नव्या मालिकेस सांधतां यावी. नवा कर्नेल चढवितांना जुना शेजारीं ठेवावा, हा नियम यापेक्षां निराळा नाहीं. मग १९१० सालीं त्यांनीं १८४६ ते १९०५ पर्यंतच्या मुंबईच्या चुंबकीय नोंदींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

आतां त्या जुन्या नोंदींचा उपयोग पाहा. सप्टेंबर १८५९ च्या आरंभीं सूर्यावरील क्षोभामुळें पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालें. कुलाब्याच्या निरीक्षकांनीं त्या वेळचे आंकडे नित्याप्रमाणें टिपून ठेविले. पुढें काय उपयोग होईल हें त्यांस ठाऊक असणें शक्य नव्हतें. १४४ वर्षांनीं, म्हणजे २००३ सालीं, भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं परदेशीय सहकाऱ्यांसह तेच आंकडे वापरून दाखविलें कीं, चुंबकशक्ति त्या दिवशीं सुमारें सोळाशें नॅनोटेस्लांनीं घटली होती. विजेच्या तारा व उपग्रह यांवर विसंबून असलेल्या आजच्या जगास तसल्या वादळाचा अंदाज बांधण्यास ती जुनी नोंद लागते. ही संस्था आज आपल्याच जिल्ह्यांत पनवेल येथें आहे. जुनें कशास ठेवावयाचें याचें उत्तर हें कीं, त्याची गरज कोणास व केव्हां लागेल तें ठेवणारास ठाऊक नसतें. कर्नेलचेंही तसेंच आहे. अमुक दोष केव्हां शिरला हें शोधावयाचें असेल, तर मधल्या जुन्या आवृत्त्या क्रमानें चालवून पाहाव्या लागतात; आणि नव्यानें ज्यांचा हात सोडला आहे अशा गरीब यंत्रांस जुनाच आधार असतो.

विद्यार्थिमित्रांनो, आमच्या संगणक-कक्षाच्या दाराशीं आतां एक नोंदवही टांगलेली आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेजाचें नांव, अंक, तारीख, सोर्सची आवृत्ति, चौसष्ट अक्षरांची खूण, आणि तें कोणास दिलें, हें तींत लिहिल्याशिवाय पेनड्राइव्ह दाराबाहेर जात नाहीं. फाइलींच्या प्रती तीन ठिकाणीं आहेत. वही चालविण्याचें काम जिच्या वहीनें आम्हांस तारलें त्या मुलीकडेच दिलें आहे. आतांपर्यंत सात नोंदी झाल्या आहेत. त्यांपैकीं पहिलीसमोर मात्र 'प्रत उपलब्ध नाहीं' असें लिहावें लागलें, कारण ती आमच्याच हातांनीं पुसली गेली. माजी विद्यार्थी किंवा पालक यांपैकीं कोणाच्या पेनड्राइव्हवर तें पहिलें पॅकेज राहून गेलें असेल, तर त्यांनीं तें शाळेंत आणून द्यावें. तें सदोष आहे हें आम्हांस ठाऊक आहे; तरीही तें आम्हांस हवें आहे.